बंद एसीचा खर्च

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणमध्ये घराला एसी लावावा का, हा प्रश्न पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी विचारलाच नसता. रायगड, रत्नागिरी आणि सातारा हे तिन्ही जिल्हे जिथे एकमेकांच्या जवळ येतात तिथलं हे सह्याद्रीच्या माथ्यालगतचं गाव आहे. खाली महाड उकाड्याने हैराण असतं तेव्हाही इथे रात्री अंगावर चादर घ्यावी लागते. हजार मीटर उंची चढलं की हवेचं तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं, आणि डोंगरावरच्या वाऱ्यामुळे हा फरक आणखी मोठा वाटतो. तरीही आज हा प्रश्न विचारला जातो आणि तो खोटा नाही. मुंबईत आयुष्य काढलेले चाकरमानी निवृत्तीच्या पैशातून गावी स्लॅबचं घर बांधतात. मुलं-नातवंडं मे महिन्यात येतात, शहरातल्या खोलीची सवय असते. भीमाची काठी हा सुळका नि धबधबे पाहायला येणाऱ्यांसाठी कुणी दोन खोल्या काढायचं मनावर घेतो, आणि पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, ‘एसी आहे का?’

दुकानात किंमत कळते. वापरायची वीज किती लागेल हे कुणीतरी ढोबळ सांगतं. देखभालीबद्दल मात्र सगळा हिशेब शहराच्या मापाने सांगितला जातो: वर्षाला दोन सर्व्हिसिंग, जमलं तर वार्षिक करार, झालं. थंड आणि अतिपावसाच्या गावात हे माप चुकतं. इथे यंत्र वर्षातले साडेदहा महिने बंद असतं, आणि खर्चाचा मोठा भाग त्या बंद काळातच तयार होतो. घर बांधताना हे कुणी सांगत नाही, म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडायला हवा.

आधी उकाड्याचं खरं चित्र. रायगडचा आतला पट्टा किनाऱ्यासारखा सौम्य नाही. डोंगरांच्या कुशीत अडकलेली हवा मार्च-एप्रिलमध्ये तापते आणि समुद्राचा वारा तिथवर पोचेपर्यंत दुपार उलटून जाते. याच जिल्ह्यातल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती आणि देशभर तिची चर्चा झाली. महाड-पोलादपूरच्या खोलगट भागात चाळिशी ओलांडणं नवं राहिलेलं नाही. महाडात एसी ही चैन आहे असं आता कुणी म्हणू नये. लहान मूल किंवा हृदयविकाराचं माणूस घरात असेल तर ती गरज आहे. कुडपणचं तसं नाही. तिथे त्रास होतो तो एप्रिलचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा या काळात, तोही दुपारी, आणि मुख्यतः स्लॅबखालच्या खोलीत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. बाहेर अंगणात गारवा आणि खोलीत घाम, असा अनुभव येतो तो यामुळे. म्हणजे गावाची हवा गरम नाही, छत गरम आहे.

आता रुपयांकडे येऊ. पुढचे आकडे बाजारात सर्वसाधारण चालणाऱ्या दरांवरून धरलेले अंदाज आहेत. दीड टनाचा, पाच तारांकित इन्व्हर्टर एसी घेऊ. तो चालू असताना सरासरी तासाला पाऊण ते एक युनिट वीज खातो. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांपुढे दर जवळजवळ दुपटीने चढतो, म्हणून एसीच्या युनिटला अकरा रुपये धरू. महाडच्या घरात वर्षाला १,२०० तास वापर असेल तर वीज झाली सुमारे साडेदहा हजारांची. दोन सर्व्हिसिंगचे चौदाशे. पाच वर्षांत एकदा पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर सहा हजार, म्हणजे वर्षाला बाराशे. पाच वर्षांत एकदा गळती काढून गॅस भरला तर तीन हजार, म्हणजे वर्षाला सहाशे. देखभाल झाली ३,२०० रुपये. एकूण खर्चात तिचा वाटा चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

कुडपणच्या घरात वापर धरू १८० तास. वीज सुमारे सोळाशे रुपयांची. सर्व्हिसिंग एकदाच, पण मेकॅनिक पोलादपूर किंवा महाडहून घाट चढून येणार, त्याचा प्रवास आणि अर्धा दिवस धरून पंधराशे. बोर्ड आणि गॅस यांचे तेच अठराशे, कारण ते वापराच्या तासांवर फारसे अवलंबून नाहीत. देखभाल ३,३०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाचे दोन तृतीयांश. महाडात थंडाव्याच्या एका तासामागे देखभालीचे पावणेतीन रुपये पडतात, कुडपणात अठरा. यंत्राची झीज अजून धरलेलीच नाही.

या एका तुलनेतून पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. पहिली म्हणजे तारे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाला लागणारे जे युनिट छापलेले असतात ते १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. तीन आणि पाच ताऱ्यांच्या दीड टनी यंत्रांत त्या हिशेबाने वर्षाला साधारण दोनशे युनिटांचा फरक येतो. महाडच्या १,२०० तासांत तो दीडशे युनिटांचा, म्हणजे सोळा-सतराशे रुपयांचा होतो; जास्तीचे मोजलेले सहा-सात हजार चार-पाच वर्षांत वसूल. कुडपणच्या १८० तासांत फरक पडतो बावीस-तेवीस युनिटांचा, अडीचशे रुपयांचा. तेवढेच पैसे वसूल व्हायला पंचवीस वर्षं लागतील आणि यंत्र त्याच्या निम्मंही टिकणार नाही. अशा घराला जास्त ताऱ्यांपेक्षा सोपी दुरुस्ती महत्त्वाची.

याच कारणाने मी डोंगरावरच्या घराला खिडकीतला एसी सुचवतो, दुकानदार कितीही नाक मुरडो. स्प्लिट एसीत आतला आणि बाहेरचा भाग जोडणारी तांब्याची नळी जागेवर जोडली जाते, आणि गॅस गळतो तो बहुतेक वेळा त्या जोडांतून. नळीचं पसरट तोंड म्हणजे फ्लेअर नीट वळलेली नसेल, नट कमी-जास्त आवळला असेल, बसवताना नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढलीच नसेल, तर यंत्र पहिल्या दिवसापासून आजारी असतं. खिडकीच्या एसीत हे सगळे जोड कारखान्यात डाख देऊन बंद केलेले असतात. शिवाय तो बिघडला तर दोन माणसं उचलून जीपमध्ये टाकतात आणि महाडच्या दुकानात नेतात. मेकॅनिकची वाट बघत बसावं लागत नाही. पावसाळ्यात तो काढून कोरड्या खोलीत ठेवता येतो, फक्त खिडकीच्या भोकाला फळी आणि वर छज्जा हवा. आवाज जास्त येतो हे खरं. फटी नीट बुजवल्या नाहीत तर पाल, विंचू, किडे आत येतात हेही खरं. पण महिना-दीड महिन्याच्या वापरासाठी हे दोन्ही सोसण्याजोगं आहे.

इन्व्हर्टर घ्यावा की साधा, याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. साध्या यंत्रात बिघडलं तर बहुधा कपॅसिटर जातो, चार-पाचशे रुपयांत काम होतं. इन्व्हर्टरचा बोर्ड पाच-सात हजारांचा, आणि तो त्याच मॉडेलचा लागतो. उलट साधा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढतो. लांबच्या फिडरच्या टोकाला व्होल्टेज आधीच पडलेलं असेल तर तो उचलतच नाही, गुरगुरून बंद पडतो. इन्व्हर्टर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे कमी व्होल्टेजला निभावतो. तेव्हा एसी घेण्याआधी मे महिन्यात संध्याकाळी सात ते दहा या वेळात घरातलं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्यावं. शंभर रुपयांचं हे काम पुढचे कित्येक हजार वाचवतं.

बोर्ड जळण्याचं दुसरं कारण आकाशातून येतं. वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळी डोंगरमाथ्यावर विजा कडाडतात. स्टॅबिलायझर लावला की विजेपासून संरक्षण मिळालं, असं अनेकांना वाटतं. ते बरोबर नाही. स्टॅबिलायझर सावकाश होणारा चढउतार सांभाळतो. विजेचा झटका क्षणाच्या सूक्ष्म भागात येऊन जातो, त्याला सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो, आणि तो चालतो अर्थिंग चांगलं असेल तरच. इथे जमीन म्हणजे काळा कातळ आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात ती कोरडी ठक्क होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्डा खोल घ्यावा, कोळसा-मीठ भरावं, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत राहावं. घर बंद करताना एसीचा एमसीबी खाली पाडावा. यासाठी एक पैसाही लागत नाही. नुसतं रिमोटने बंद केलेल्या यंत्राच्या बोर्डात वीज असतेच.

गॅसबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण घरमालकांची सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी ‘गॅस टॉप-अप’ करणारा मेकॅनिक दरवर्षी तुमचेच पैसे हवेत सोडतो. नायट्रोजनचा दाब भरून, साबणाच्या फेसाने जोड तपासून, गळती बुजवून, व्हॅक्यूम काढून मग वजनावर गॅस भरणं, ही पद्धत आहे, आणि तीन हजार रुपये त्या सगळ्याचे असतात. जुन्या एसीत आर-२२ होता. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रिअल कराराने असे वायू हळूहळू बाद केले जात आहेत. आता बहुतेक घरगुती यंत्रांत आर-३२ येतो. तो ओझोनला अपाय करत नाही, पण थोडा ज्वलनशील आहे. बंद खोलीत विडी ओढत काम करणाऱ्याला त्याच्या जवळ फिरकू देऊ नये. हवेत सुटलेला किलोभर आर-३२ शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो, म्हणून एसी काढताना किंवा हलवताना गॅस बाहेरच्या भागात ओढून बंद करायला मेकॅनिकला बजावून सांगावं. त्यांच्या भाषेत याला ‘पंप डाऊन’ म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि त्याने तुमचा गॅसही वाचतो.

कुडपणच्या हवेचा एक मोठा फायदा मात्र आहे. मुंबईत खाडी आणि गटारांजवळच्या घरांत हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांब्याची कॉइल खातो. रासायनिक कारखान्यांच्या आसपासही आम्ल वायूंमुळे कॉइल लवकर जातात. महाडच्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांनी गंजरोधक लेपाची कॉइल आवर्जून मागावी. डोंगरावर हा त्रास नाही. तिथे कॉइलवर बसते ती चुलीची काजळी, तेलकट आणि चिवट. स्वयंपाकघर नि एसीची खोली यांच्यात दार नसेल तर नुसत्या पाण्याने जाळी स्वच्छ होत नाही. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश लागतो. जाळी घरच्या माणसाने धुवायची गोष्ट आहे, वापराच्या काळात दर पंधरा दिवसांनी. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजाने घाणेरडी जाळी बदलली किंवा साफ केली तर वीज ५ ते १५ टक्क्यांनी कमी लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो की तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. कुडपणात मे महिन्याच्या रात्री २६ किंवा २७ अंशांवर लावून वर पंखा सुरू ठेवला तर १८ अंशांची गरजच पडत नाही.

मग येतो पाऊस, आणि खरं संकट तिथे आहे. जून ते सप्टेंबर ढग घरात शिरतात. गाद्या, कपाटं, भिंती, पुस्तकं, सगळ्यांना वास येतो. बंद एसीच्या आतल्या गोल पंख्यावर, थर्माकोलवर आणि पाणी जाण्याच्या पन्हळीत बुरशी धरते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बटण दाबलं की पहिला झोत आंबूस येतो, आणि दम्याच्या माणसाला तो बाधतो. पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, मग खोलीत भिंतीवरून पाणी ओघळतं. बाहेरच्या भागात उंदीर वायर कुरतडतात, पाल बोर्डावर चिकटून दोन बिंदू जोडते आणि बोर्ड जातो. कंपनीच्या वॉरंटीच्या कागदात किडे-उंदरांनी केलेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, आणि शहराच्या हद्दीबाहेर प्रवासखर्च वेगळा, अशी अटही बहुधा असते. दोन्ही ओळी खरेदीच्या दिवशीच वाचाव्यात.

पुष्कळ जण विचारतात, मग पावसात एसी ‘ड्राय’वर लावून घर कोरडं नाही का होणार? कल्पना मुळात चुकीची नाही. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली ती हवेतला दमटपणा आवरण्यासाठीच. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. पण घरगुती एसी उन्हाळ्याच्या हवेसाठी आखलेला असतो. बाहेर वीस अंश आणि आत बावीस असताना तो थोडा वेळ चालतो, खोली आणखी गार करतो आणि थांबतो. गार झालेल्या खोलीत सापेक्ष आर्द्रता पुन्हा वर जाते. डिह्युमिडिफायर हे काम अधिक चांगलं करतो, कारण तो काढलेली उष्णता खोलीतच परत सोडतो. त्याच्या खोक्यावर दिवसाला वीस लिटर लिहिलेलं असलं तरी तो आकडा तीस अंशांच्या आसपासच्या हवेतला असतो. गार हवेत पाणी त्याहून बरंच कमी निघतं. पंधरा-वीस हजारांचं हे यंत्र एका बंद खोलीला पुरतं. ज्या घरात एसीसाठी चाळीस हजार बाजूला ठेवलेत आणि राहणारं माणूस पावसातही तिथेच आहे, त्या घराने आधी याचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षातला बराच काळ बंद राहणाऱ्या एसीचा प्रश्न थंड देशांत वेगळ्या रूपात जुना आहे. टोरोंटोसारख्या शहरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच वर्षी कळतं की तिथला एसी तीन-चार महिनेच लागतो, आणि तो हिवाळ्यातल्या फर्नेसच्याच पंख्यावर आणि हवेच्या वाटांवर चालतो. म्हणून तिथे एक जाळी दोन्ही ऋतूंत बदलली जाते आणि वसंतात एकदा तपासणी होते. त्यांची आपल्याला लागू पडणारी एक सवय अशी, की बाहेरचं यंत्र प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवत नाहीत. आत ओल कोंडते, गंज चढतो आणि उंदरांना उबदार घर मिळतं. वरून झाकण आणि चारी बाजू मोकळ्या, ही रीत कुडपणलाही योग्य. कोकणात स्लॅबवर सर्रास पत्र्याची शेड घातली जाते. बाहेरचा भाग तिच्याखाली पावसापासून जपला जातो. फक्त ती शेड सगळीकडून बंद करू नये, नाहीतर मे महिन्यात यंत्र स्वतःचीच गरम हवा परत ओढतं.

शेडचा विषय निघाला म्हणून सांगतो, गळतीसाठी घातलेली ही शेड हाच कित्येक घरांचा निम्मा एसी आहे. ऊन पत्र्यावर पडतं, मधल्या पोकळीतून वारा वाहतो, स्लॅब तापत नाही. शेड नसेल तर स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग द्यावा. कौलारू घर असेल तर पोटमाळ्याला दोन्ही टोकांना जाळीची झडपं ठेवावीत. आणि संध्याकाळी सातनंतर बाहेरची गार हवा आत ओढणारा एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवावा, खिडक्यांना डासांची जाळी लावून. अडीच-तीन हजारांचा पंखा आणि तीस-पस्तीस वॅटचा बीएलडीसी छतपंखा, एवढ्यावर कुडपणमधल्या बहुतेक खोल्या रात्री झोपण्याजोग्या होतात. बाहेर गार हवा फुकट असलेल्या गावात दारं लावून यंत्राने हवा गार करायची वेळ आली असेल, तर घराच्या नकाशात काहीतरी चुकलं आहे.

तरी ज्यांना एसी हवा आहे, त्यांनी वेळापत्रक गावच्या कॅलेंडरला बांधावं. शहरात सर्व्हिसिंग उन्हाळा सुरू होताना करतात. इथे ते शिमग्याला करावं. चाकरमानी गावी असतो, रस्ता कोरडा असतो, मेकॅनिकला अजून एप्रिलची गर्दी नसते. पाच-सहा घरांनी एकाच दिवशी बोलावलं तर घाटाचा प्रवासखर्च वाटला जातो, आणि हीच या सगळ्या हिशेबातली सर्वांत मोठी बचत आहे. मे महिन्याच्या शेवटी घर बंद करण्याआधी जाळी धुवावी, यंत्र तासभर नुसतं ‘फॅन’वर चालवून आतली ओल सुकवावी, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. पावसात बिघाड झाला तर घाईने मेकॅनिक बोलावू नये. जुलै २०२१मध्ये दरडींनी आंबेनळी घाट कित्येक दिवस बंद पडला होता, तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी या गावांत माणसं गेली होती. अशा दिवसांत घाटरस्त्यावर एसीसाठी कुणाला चढायला लावणं योग्य नाही. गणपतीला आल्यावर एमसीबी लावून यंत्र पुन्हा तासभर फॅनवर चालवावं. मधल्या काळात भावकीतलं कुणी आठवड्यातून एकदा घर उघडून वारा खेळवत असेल, तर त्या माणसाला आपुलकीबरोबर मोबदलाही द्यावा.

वार्षिक कराराबद्दल: दोन-चार हजारांच्या करारात बहुधा तीन-चार भेटी असतात. वर्षाला दीड महिना चालणाऱ्या यंत्राला त्या नकोत, आणि पावसाळ्यातली भेट होतही नाही. खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे शनिवार-रविवार वापर होतो, पाहुणे दार उघडं ठेवून १८ अंशांवर लावतात, आणि एका बिघाडाने आगाऊ घेतलेलं भाडं परत करावं लागतं. त्यांनी सुटे भाग धरून करार करावा, आणि व्यवसाय घरगुती मीटरवर चालेल का, हे आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

राहता राहिला मेकॅनिक. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पोलादपूरच्या खोऱ्यांतली मुलं दहावी-बारावी होऊन मुंबईत पडेल ते काम करतात. फ्रीज, दुधाचे कूलर, दुकानांतले डीप फ्रीजर, आता हे एसी, एवढं काम या तालुक्यात आहे. व्हॅक्यूम पंप, गेज, गॅसचा वजनकाटा नि फ्लेअरिंगची हत्यारं पंधरा-वीस हजारांत उभी राहतात. डोंगरावरच्या वाड्यांमधल्या घरमालकांनी मिळून अशा एखाद्या मुलाला वर्षाचं काम लेखी कबूल केलं, तर सर्व्हिसिंगच्या पंधराशेतले सात-आठशे रुपये, जे आज नुसते घाट चढण्या-उतरण्यात जातात, ते घरमालकाच्या खिशात राहतील आणि बोर्ड गेला की गॅस गळला हे फोनवर अंदाजाने ठरवायची वेळ येणार नाही.